चांदमारीचा बांध

पनवेल,
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय वामन,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्याचा फार आनंद मानू नकोस. तुझ्या सत्काराचा फोटो पेपरात पाहिला. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चौथीत माझ्या पाटीवरून गणित उतरवून शाबासकी घेताना असायचा तोच चेहरा. खाली लिहिलं होतं, ‘लष्करी सराव भूमीचे शाश्वत पुनरुज्जीवन करणारे तरुण उद्योजक’. करंजाड्याच्या पुढची आपली चांदमारी एकदम भूमी झाली. आपण तिथे करवंदं खायचो तेव्हा तो नुसता माळ होता. जवान नेमबाजीला आले की तांबडा बावटा लागायचा आणि आपल्याला घरी बसवायचे, एवढंच आपलं त्याच्याबद्दलचं ज्ञान. चाळिशी गाठली तरी तू तरुण आहेस हेही मला पेपरातूनच कळलं.

तुझा अहवालही वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी मी बहुधा एकटीच. त्यात ‘शाश्वत’ हा शब्द एकतीस वेळा आहे. ‘गवत’ एकदाही नाही. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून मला गवताचं कौतुक, असं तू म्हणशील. पण कौतुक मी कॉलेजात शिकले नाही, आमच्या अब्बांकडून शिकले. तीस वर्षं त्या माळाच्या गवताचा ठेका त्यांच्याकडे होता आणि तू शेपटासारखा त्यांच्या मागे हिंडायचास, ‘रशीदचाचा, रशीदचाचा’ करत. नेमबाजीच्या फळ्यांमागचा मातीचा बांध आठवून बघ. पंचवीस फूट उंच. गोळ्या त्याच्यात रुतायच्या, कारण त्याच्यामागे डोंगर नाही, तुमची भातशेतं आहेत. अब्बा सगळा माळ कापायचे, पण बांधाला विळा लावायचे नाहीत. एकदा तू म्हशीसाठी तिथला भारा कापलास, तेव्हा तुझ्या डोक्यावरून तो उतरवून घेत ते म्हणाले होते, “हा गवत गुरांचा न्हाय, बांदाचा हाय.” तू रडत घरी गेलास आणि तुझ्या आईने, गोजराकाकीने, तुलाच आणखी दोन ठेवून दिल्या. पावसात सुटलेली माती अब्बा घमेल्याने पुन्हा वर चढवायचे. याला मेंटेनन्स म्हणतात आणि त्यासाठी निधी असतो, हे त्यांना मरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

अब्बा गेले आणि वर्षभरात निधी आला. सरावाने उकरलेली जमीन सावरावी, माती धरून ठेवावी, पुढची वर्षंही तिची निगा राहावी, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगलाच होता, उगाच नावं कशाला ठेवू? ठेका तुला मिळाला. गावचा माणूस म्हणून मलाही बरं वाटलं होतं, आता सांगायला लाज वाटते. तू पहिल्याच आठवड्यात बुलडोझर आणलास. बांधाचा उतार नीट करायच्या नावाखाली अब्बांचं गवत मुळासकट सोललंस, खालची तांबडी माती ट्रकने नेरूळला तुझ्याच सोसायटीच्या बागेत नेलीस, आणि उघड्या बांधावर नर्सरीतल्या लॉनचे गालिचे अंथरलेस. जुलैत ते पलंगावरची चादर सरकावी तसे खाली आले. आणि ते चारशे गुलमोहर? ते तू जवान आणि नेमबाजीच्या फळ्या यांच्या बरोबर मधे लावलेस. एका हवालदाराने म्हणे विचारलं, यांना पाणी घालायचं की गोळ्या. मग ते तोडायला पुन्हा पैसे मंजूर झाले. लावायचे तुला आणि तोडायचेही तुलाच. इतका बिनडोक माणूस इतका हुशार कसा, याचं मला खरंच कोडं पडलंय.

दिवाळीत काकीने तुझ्याकडे हंडा मागितला होता म्हणे. तू हसलास आणि नेरूळहून वॉटर फिल्टर पाठवलास, भिंतीला टांगायचा. गावात नळाला पाणी येतं दोन दिवसांआड. फिल्टर देव्हाऱ्याशेजारी खोक्यातच आहे, काकी त्यालाही हळदकुंकू लावते. सातव्या मजल्यावर राहायला ती आली नाही म्हणून तू चारचौघांत तिला हट्टी म्हणतोस. तिने हंडा का मागितला, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

आता माझं. जूनमध्ये तू कॉलेजात आलास. माझं प्रॅक्टिकल चालू होतं. फाईल उघडून म्हणालास, फॉर्मॅलिटी आहे, टेन्शन घेऊ नको. ‘बांधाची उंची व गवताचे आच्छादन प्रत्यक्ष जागेवर पाहिले’ असं छापलेलं होतं आणि खाली माझ्या नावापुढे ‘वनस्पतितज्ज्ञ’. तो शब्द मला आवडला, वामन. मी जागेवर गेले नव्हते. खडूचे हात पुसले आणि सही केली. अब्बांची मुलगी बांध बघून आली, म्हटल्यावर पुढे कुणी तपासायला गेलंच नाही. इथवर तुझ्यासाठी जी घृणा लिहिली, तिच्यातला निम्मा वाटा माझा आहे.

गेल्या रविवारी काकीकडे गेले. तिचा हंडा भरून ठेवला होता, पोटाला डांबराचा गोळा लावलेला. म्हणाली, म्हशीने लाथ मारली. म्हैस तीन वर्षांपूर्वी विकली. मी ते डांबर नखाने खरवडायला लागले, तेव्हा तिने मशेरीच्या डब्यातून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. दिवाळीआधी बावटा लागला होता त्या दिवशी ती बांधामागच्या शेतात कापणी करत होती. शेताच्या कडेला भरलेला हंडा, आणि त्याच्याशेजारी वाकलेली ती. हंड्याला एकच भोक पडलं, गोळी आतच राहिली. काकी मला म्हणाली, “कोनाला सांगू नको गो आबिदा. पोराचा नाव खराब होईल.”

मी बांध मोजून आले. सोळा फूट उरलाय. चोवीस तारखेला पुन्हा सराव आहे. म्हणून काल लष्कराच्या कार्यालयात जाऊन लिहून दिलं, की माझी सही खोटी आहे, बांध पूर्वीइतका उंच होईपर्यंत गोळी झाडू नका. हंड्याचंही लिहिलं. पोच घेतली. माझी नोकरी राहील की जाईल ते माहीत नाही, आणि तुझ्यापर्यंत चौकशी दोन दिवसांत येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. काकीला दिलेला शब्द मी मोडला, तेही तिला तूच सांग. तिचं कापून झालंय, झोडपणी राहिली आहे. खळं बांधामागेच आहे आणि ती रोज तिथे असते. जाताना हंडा घेऊन जा. जर्मनच्या पत्र्याचा चालेल.

इतकं लिहूनही तुझीच,
आबिदा