मालक एकच?

३ फेब्रुवारी

दुपारी, डबा उघडायच्या आधी – तोच तो क्षण! संगणकाचा पडदा आपोआप भरला. इतके दिवस मी गाढवासारखा एकेक रकाना हाताने भरत होतो. आज आधी टॅग, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, लावून माहितीचा साचाच लिहून टाकला. प्राणी, त्याच्या पोटात मालक, मालकाच्या पोटात नाव आणि फोन. मग रकान्याला एवढंच सांगायचं – बाबा रे, तू साच्यातलं हे दाखव. साच्यात मांजराचा बोका केला; पडद्यावर बोका! ओरडलोच मी. ऑफिसातले सर म्हणाले, "अरे, छप्पर पाडशील."

घरी बाबांना सांगितलं. "कॉलेज सोडलेल्यांसाठी रकाना आहे का त्यात?" असू दे!

परवा हा नोंदींचा प्रोग्राम प्राण्यांच्या दवाखान्यात बसवायचाय. म्हणजे काउंटरवर ती. म्हणजे मी मेलो!

५ फेब्रुवारी

सत्यानाश. ती म्हणाली, "छान आहे हो. पण मालक एकच?"

"एका प्राण्याला एकच मालक असतो."

"अहो, काल एका कुत्र्यावरून बहीण-भाऊ इथेच भांडले. दोघांचीही नावं लावावी लागली."

बाकावरचे सगळे फिदीफिदी हसले. झालं, माझं डोकं सटकलं! "मग बसा वहीत लिहीत!" म्हणालो आणि तरातरा निघून आलो. सर आधीच म्हणाले होते – काउंटरवर जाऊन विचार, मग साचा लिही. ऐकेन तो मी कसला.

६ फेब्रुवारी

जेवलो नाही. आई म्हणे, "पोरगी कोण ते सांग, मग खुशाल उपाशी राहा."

७ फेब्रुवारी

सर म्हणाले, आज नीट कर, नाहीतर दवाखान्याचं काम दुसऱ्याला. साचा मोडला. आता प्राण्याच्या पोटात मालक हवे तितके! पडद्याला एकच ओळ शिकवली – जितके मालक, तितक्यांदा मालकाचा रकाना काढ. आणि काढतोय की! फोन मात्र प्रत्येकाचा सक्तीचा. कुत्रा पळाला तर कळवायचं कुणाला? नंबर नाही, तर नोंद जतन नाही.

जाऊन बसवून आलो. ती मान वर करेना. माफी मागायची राहिलीच. टेबलाखाली टोपलीत मांजराचं पिल्लू – कुणीतरी दारात सोडून गेलेलं. हात लावला तर ओरबाडलं मला!

"तुमच्यासारखंच आहे. चिडकं," ती म्हणाली.

बोलली! बोलली!!

८ फेब्रुवारी

सर आतून ओरडले, "दवाखान्यातून फोन! नोंद जतन होत नाहीये म्हणे. काय घोळ घातलास?" फोनवर तीच. "पिल्लू मी ठेवतेय. पहिली मालकीण मी. दुसऱ्या मालकाचं नाव टाकलंय – चिडका. आता तुमचा पडदा अडून बसलाय, त्याचा नंबर मागतोय. माझ्याकडे कुठे आहे?"

नंबर फोनवरच सांगता आला असता. "थांबा, आलोच," म्हणालो.

सर विचारतायत, कुठे निघालास? घोळ निस्तरायला! हे एवढं खरडलं. निघालो – दार ओढून घेतो.