पेढ्यांच्या खोक्यातली थोटकं

बाबा,
फुप्फुसांचा स्कॅन क्लीन आला म्हणून काल "पास झालो" करत अख्ख्या चाळीत पेढे वाटलेत. आज त्याच खोक्यात, उरलेल्या पेढ्यांत खुपसलेली तुमची सिगरेटची थोटकं सापडली. शिसारी आली. खोकं तुम्हीच टाका, मी हात लावणार नाही. भात कुकरमध्ये आहे.

डॉक्टर म्हणाले होते, सिगरेट सोडवणाऱ्या मॅडमना भेटूनच जा. तुम्ही लघवीचं निमित्त करून टपरीवर पळालात. लाजेने तुमच्या खुर्चीत मी बसले. मॅडमनी श्वास तपासायच्या मशीनमध्ये मलाच फुंकायला लावलं. जन्मात सिगरेट ओढली नाही, तरी माझ्या श्वासात तुमचा धूर निघाला.

आज परत तिथेच चाललेय, माझी फुप्फुसं तपासायला. पेढे आणू नका.
दर्शना