बाईंचं घड्याळ आणि लाल्या पडलेली पऱ्हाटी

बाई, तुमचं मनगटी घड्याळ अजून माझ्याकडेच आहे. कपाटात लुगड्यांच्या खाली, रुमालात गुंडाळून. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीसुद्धा शाळेतून निवृत्त झाले, पण ते घड्याळ मी एकदाही हाताला बांधलं नाही. का, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

तुम्ही मला शाळेत घेतलं तेव्हा मी बाहेरून बारावी झालेली, हाती पडेल ते वाचत आपलं आपण शिकलेली. सहा वर्षं शिकवलं तरी कागदावर अप्रशिक्षितच. मग वरून हुकूम आला, नोकरीत राहायचं तर डी.एड. करा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीने यवतमाळला संपर्क वर्गाला जायचं, आणि उरलेलं वर्ष आपल्याच शाळेत सराव पाठ घ्यायचे. मागच्या बाकावर तुम्ही, हेडमास्तरीण, हातात लाल पेन. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात मी चहाचा कप विसरून पाठाचं टाचण घोकत बसले होते. तुम्ही भाकर थापता थापता म्हणालात, "पोरी, कागदात काय पाहून राह्यली? पोराच्या तोंडाकडे पाह्य. काय समजलं नाही ते तिथं लिहिलेलं असते." भाकर करपली, पण बोलणं पूर्ण केलंत.

कापसाची ती वर्षं वाईट होती. अळीने बोंडं पोखरलेली, भाव पडलेला. मजूर लावणं परवडेना म्हणून शेतकऱ्यांची पोरं वावरात, आणि मजुरांची पोरं मिळेल त्या वावरात मायच्या मागे. हजेरी घेताना अर्ध्या नावांना कुणी ओ देत नसे. माझा शेवटचा पाठ नेमका वेचणीच्या दिवसांत आला. बाहेरचे परीक्षक येणार होते. नापास झाले तर नोकरी जाणार, आणि घरात मिळवती मी एकटी. विषय होता झाडाचे अवयव. मी धुऱ्यावरची, बांधालगतची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, मुळासकट उपटून आणली आणि तोच पाठ त्याच पोरांना तीनदा शिकवला. कोणत्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, सगळं ठरलेलं. एक जण मुद्दाम चुकणार, म्हणजे मला त्याला प्रेमाने सुधारता येईल. त्याला तर मी आठवडाभर चुकायला शिकवलं. संपर्क वर्गातल्या सगळ्याच जणी असं करत होत्या. मला त्यात वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी प्रार्थना संपते आणि एक पोरगी दारात उभी. वेचणीला जाणाऱ्या मजूर बाईची लेक, तीन आठवड्यांनी आलेली. केसांना तेल, बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली.

"बाई, मी आली!"

"आजच काहून आली?"

"मोठ्या बाई काल घरी आलत्या ना. माय म्हणे, जाय शाळेत." तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली आणि ती खुदकन हसली. "बाई, हे तं लाल्या पडलेली पऱ्हाटी हाय. रोगानं पानं लाल झाली पाहा. तुमाले चांगली नाही भेटली काय?"

परीक्षकांपुढे ही असं काही बोलली तर? पाने हिरवी असतात, हे उत्तर तर मी पहिल्या बाकाला दिलेलं.

"आज घरी जा. उद्या ये."

"बसू द्या ना, बाई. मी काहीच नाही बोलत." तिनं ते सोललेलं बोट ओठांवर ठेवलं. मी दार लोटून घेतलं.

मग तुम्ही परीक्षकांना घेऊन आलात. पाठ पस्तीस मिनिटांपुढे जाऊ नये म्हणून हातातलं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलंत. चुकणारा पोरगा बरोबर जागेवर चुकला. परीक्षक खूश. ते गेल्यावर मी घड्याळ परत द्यायला आले, तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत. "राहू दे तुलेच. आता खरी मास्तरीण झाली तू." आणि लगेच, "ती पोरगी दिसली नाही?"

मी म्हणाले, "नाही आली. गेली असेल वेचणीला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही वावरात जाऊन तिच्या मायला सगळ्या बायांसमोर झापलंत. परत आलात तेव्हा धाप लागलेली, पातळाला कुत्तर गवताची कुसळं चिकटलेली. "पोरगी म्हणते, बाईनं वापस पाठवलं! मी सांगून आली, माझी बाई असं करणार नाही. मायनं तिथंच दोन धपाटे घातले तिला." मी फळा पुसत होते. पुसलेला फळा पुन्हा पुसला.

ती पोरगी नंतर शाळेत आली नाही. तुम्ही आणखी दोनदा गेलात, मी एकदाही नाही.

परवा राळेगावच्या बाजारात तिची माय भेटली. म्हातारी झाली आहे. मेथीची जुडी निवडता निवडता हसून म्हणाली, "माही पोरगी लय लबाड होती, बाई. तुमच्यासारखीचं नाव घेतलं होतं तिनं. राग नका धरू." मी म्हणाले, "लहान होती ती." आणि पिशवी उचलून निघाले.

घड्याळाबद्दल सांगायचं ते एवढंच. खरं तर हे पत्र त्या मायलेकींना लिहायचं होतं, बाई. त्यांचं घर मला ठाऊक आहे, चालत अर्धा तास. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.