नेदर पॉडवेलच्या देवीचा नवस

नेपरव्हिल (अमेरिका), गुरुवार

चि. सौ. शैलजास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. पापड दोन पाकिटं (चुरा झालाय, आमटीत खपवीन), उदबत्ती एक पुडा, आणि 'नेदर पॉडवेल गावाचा इतिहास' हे जुनं पुस्तक. माल नऊ पौंडांचा, टपालखर्च एकवीस! लेस्टरला राहून तुझा हात फार सैल झालाय. तुझ्या भाऊरावांची कंबर कशी आहे?

पुस्तक मागवलं ते आमच्या शेजारच्या डोरोथीबाईंसाठी. वय ब्याऐंशी. दर गुरुवारी मला त्यांच्या गाडीतून देवळात नेतात. त्यांचे पणजोबा तुमच्या इंग्लंडातल्या या पॉडवेलचे. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने मी त्यांच्याआधी वाचून काढलं. अगं, थेट आपल्याकडचंच गाव! वस्ती दोनशे, भांडणं चारशे. चर्चमध्ये पुढच्या बाकाचा मान कुणाचा, यावरून दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरून. घंटेला तडा गेला, तर वरची आळी म्हणे खालच्यांनी मुद्दाम जोरात वाजवली. पाद्रीबाबांची डुकरं दफनभूमीत चरायची (विरोधात ठराव झाला, डुकरांनी तो मानला नाही). आणि चर्च कुणाचं, तर सेंट एडलिन नावाच्या बाईंचं. म्हणजे ग्रामदेवीच की!

मी विचारलं, "कधी दर्शनाला गेलात?" तर म्हणतात, "नेव्हर, हनी!" ब्याऐंशी वर्षांत एकदाही नाही! मग गेल्या महिन्यात त्यांची गाडी गॅरेजचं दार न उघडताच आत गेली यात नवल काय? त्यांच्या लेकीने किल्ली काढून घेतली. पुन्हा टेस्ट पास झालीस तरच गाडी, म्हणाली. म्हणजे माझं देऊळ बंद. आमच्या सिद्धेशला सांगितलं, तर चिरंजीव म्हणतात, "आई, यूट्यूबवर दर्शन घे ना, यार." (आईला यार!) शेवटी मी सेंट एडलिनलाच साकडं घातलं: बाई, हिला पास कर, खणानारळाने तुझी ओटी भरीन.

आणि पास झाल्या! परीक्षा घेणारा उतरल्यावर बराच वेळ फुटपाथवर बसून होता म्हणे. पण घरी येताना आमची टपालपेटी आडवी केली. नवस राहिलाय, दुसरं काय!

तुझी,
ताई

ता. क. येत्या रविवारी तू पॉडवेलला जाऊन ओटी भरून ये. नारळ फोडू नकोस, नुसता ठेव. कुणी विचारलं तर सांग, माहेरवाशिणीने पाठवलाय.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. डोरोथीबाई आत्ताच येऊन गेल्या. नवसाची रीत मीच समजावली होती, तर त्यांनीही आपल्या गणपतीला परस्पर बोलून ठेवलंय: पास झाले तर हिला स्वतः गाडी चालवत पॉडवेलला नेईन! लंडनची तिकिटं काढलीसुद्धा. तुमच्याकडे रस्त्याची डावी बाजू, यांना अजून उजवीच नीट सापडलेली नाही. "राहू द्या," म्हटलं, तर मलाच दटावतात, "देवाला दिलेला शब्द मोडायचा?" तेव्हा लेस्टरच्या गुरुजींना एवढंच विचार: सगळा रस्ता भाऊरावांनी चालवला आणि बाईंनी चर्चच्या फाटकापासून दारापर्यंत, तर नवस फिटतो का? उलट टपाली कळव.