चौकातल्या स्मारकावरचं नाव

ती. आईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊनही छान येतं.

इथल्या चौकात एका बाईंचं स्मारक होतंय. युद्धात त्या हेरखात्यात अधिकारी होत्या. शत्रूच्या मुलखातून बातम्या पाठवायच्या, तिथेच पकडल्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. दगडावर त्यांचं नाव मी कोरलं, आई!

काल त्यांची धाकटी बहीण बघायला आली. नव्वदीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. अक्षरांवरून बोटं फिरवत म्हणाली, "घरी लिहायची, कचेरीत कारकून आहे, काळजी नको. शेवटच्या पत्रातही तेच. आमची आई जन्मभर विचारत राहिली, कारकुनाला कोण कशाला मारेल?"

मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तिला खरं सांगायची बंदी होती. तुला कुणाची बंदी आहे? डोळ्याला पट्टी बांधलीस, आईला कळवलंस?"



म्हणून आता खरं लिहितो. गेल्या आठवड्यात दगडाची कपची उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी काढली. दिसतं, पण अंधुक. महिन्याभरात सुधारेल म्हणतात. तोवर मुकादमांनी कोरण्याऐवजी दगड घासायचं काम दिलंय. रडत बसू नकोस, आणि दादाला लगेच इकडच्या गाडीत बसवू नकोस.

तुझा गुडघा बरा आहे, असं तू दर पत्रात लिहितेस. आता तूही खरं कळव.

तुझाच,
धाकटा