येताना चाळीस तास

प्रिय आत्या,

आज नारायणगुड्याच्या एजंटाकडून शिकागोचं परतीचं तिकीट घेऊन आले आणि सवयीनं तुला दाखवायला थेट स्वयंपाकघरात गेले. तुला जाऊन बारा दिवस झाले, तरी ही मेली सवय! म्हणून तिकीट पुढ्यात ठेवून तुला लिहायला बसले आहे.

माझं पहिलं तिकीट आठवतं? कॉम्प्युटरवाल्यांची अमेरिकेला रांग लागली होती, त्यात माझाही नंबर लागला. आईबाबा नांदेडला, मी शिकायला तुझ्याकडे तारनाक्याला. त्यामुळे मिरवायचा मान तुझा. चष्मा लावून तू पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केलीस. "जाताना अठरा तास, येताना चाळीस! काय की बाई, येताना चढ असंल!"

रेल्वेच्या चौकशी खिडकीवर जन्म गेला तुझा. इथे दिवस तेव्हा तिथे रात्र, हे तुला ठाऊक होतं. पण तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे वेळ! दोन्हीकडची घड्याळं वेगळी, खरे तास जातानाही आणि येतानाही एकोणतीसच, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती पोट धरून हसले. तू मात्र तुझा हिशेब चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलास आणि गल्लीभर सांगत सुटलीस.

पुढे तुझी ती चूक माझ्या सोयीची झाली. तू रिटायर झालीस तेव्हा बूथवरून फोन केलास, "समारंभाला येतीस का गं?" मी म्हटलं, "अगं, सुट्टी चार दिवसांची. येतानाच चाळीस तास जातात."

"हौ, ते बी खरंच की," म्हणालीस आणि मी काय जेवले ते विचारलंस. का नाही भांडलीस गं माझ्याशी? एरवी भाजीवाल्यालाही सोडत नव्हतीस!

आणि मग दवाखान्यात तू बाबांना बजावलंस, "सुमीला नक्को कळवू रे. चाळीस तास बसून यायचं, पोरगी परेशान होईल." बाबांनी मोठ्या बहिणीचं ऐकलं. पाच दिवस ऐकलं! सहाव्या दिवशी न राहवून फोन केला. मी मिळेल त्या विमानानं निघाले, पण पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या पाच दिवसांत मी येऊन तीन दिवस तुझा हात धरून बसले असते, आत्या.

आधी तुझाच राग आला. मग कपाटावरची ती चिठ्ठी दिसली आणि माझीच मला लाज वाटली.

चिठ्ठी काढलेली नाही, तुझं अक्षर आहे. तिच्याखाली मी लिहिलंय : जाताना एकोणतीस, येताना एकोणतीस. तसलीच एक नांदेडला आईबाबांच्या फोनजवळ लावल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. त्यांनी हाक मारली की निघेन, सुट्टी असो नसो. हे तुला वचन.

वाटेत चढ नाही, आत्या. कधीच नव्हता.

तुझी,
सुमी