एका कॉफीचा बिल्ला

९ ऑक्टोबर १९२०

सुट्टे नाहीत! सकाळपासून हाच जप. फिलोमेन मासेवालीने कॉफी पिऊन शेजारच्या मुलँ शहराच्या व्यापारी मंडळाने काढलेली नोट पुढे केली — चार तुकडे, खळीने चिकटवलेले.
"मुलँची नोट इथे नेव्हेरमध्ये चालत नाही गं."
"मग काय करू, कॉफी परत ओकू?"
शेवटी एक मासा ठेवून गेली. समोरचा दुकानदार सुट्ट्यांऐवजी टपालाची तिकिटं देतो. मीही काल दिली-घेतली. आज ती चिकटून सगळ्या गल्ल्याचा एकच लगदा!

ठरलं. मीही सुट्ट्यांऐवजी माझ्या नावाचे बिल्ले पाडून घेणार. अर्धं गाव तेच करतंय.

१४ ऑक्टोबर

आन्सेल्म पत्रेवाला जस्ताचे बिल्ले घेऊन आला. मी सांगितलं होतं — एका बाजूला 'कॅफे ओक्ताव्ही', दुसऱ्या बाजूला '२५ सांतीम', म्हणजे पाव फ्रँक. बघते तर '१ कॉफी'!
"पाचाच्या आकड्याचा छाप मोडला, मादाम."
"अहो, मग विचारायचं तरी!"
"विचारलं असतं तर तुम्ही वीस लिहायला सांगितलं असतं. वीसला कॉफी परवडते तुम्हाला?"
कॉफी पंचवीसलाच आहे, म्हणजे फरक काय? ठेवून घेतले. मजुरीही त्याने बिल्ल्यांतच मागितली. बिस्किटांचा डबा भरून घेऊन गेला. भोळा माणूस.

२ नोव्हेंबर

देवळाच्या दानपेटीत माझे बिल्ले! पाद्रीबाबा रविवारची प्रार्थना उरकली की थेट इथे. पाववालाही ते घेतो. एमिल असता तर हसून हसून खुर्चीवरून पडला असता — बायकोच्या नावाचं नाणं! युद्धावरून आला असता, तर.

६ मार्च १९२४

कॉफी चाळीस सांतीम. पाटीवरचा आकडा पुसताना दर वेळी वाटतं, गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालतेय. बिल्ल्यावर मात्र तेच — एक कॉफी.

आन्सेल्म रोज संध्याकाळी येतो. एक बिल्ला ठेवतो, हवेबद्दल काहीतरी बोलतो, जातो. आज हवेबद्दलही बोलला नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

११ जुलै १९२६

कॉफी पाऊण फ्रँक! फ्रँक घसरतोय आणि लोक दिसेल ते विकत घेतायत. फिलोमेनने छत्र्या घेतल्या. चार! आणि माझे बिल्ले कुणी कॉफीवर मोडत नाही, साठवून ठेवतात. बाजारात म्हणे ते चढ्या भावाने विकले जातात.

बहिणीचे यजमान जेवायला आले होते. बँकेतला माणूस, घास कमी, सल्ले जास्त.
"ओक्ताव्ही, सरकारपेक्षा भक्कम चलन काढलंस तू! सगळे एका दिवशी आले तर हे कॅफे विकावं लागेल. प्रत्येकाच्या हातावर पंचवीस सांतीम ठेव नि मोकळी हो."
"पण भावोजी, वर कॉफी लिहिलीय."
"असेना का!"

घरात कॉफीच्या बियांचं एकच पोतं आहे. आणि आन्सेल्मचा तो डबा! सगळ्यात जास्त भीती त्याचीच.

२० जुलै

भावोजींनी बाजारात तोंड उघडलं — ओक्ताव्ही आता पंचवीसच देणार. आज दार उघडलं, तर रांग पुलापर्यंत! सगळ्यांच्या मुठीत बिल्ले. फिलोमेन पुढे. "आजच पिते बाई. एका दमात सहा कप! मेले तर तुझ्या दारात मेले."

रांगेच्या टोकाला आन्सेल्म. काखेत डबा.

आत गेले, एमिलच्या जुन्या कोटात तोंड खुपसून उभी राहिले. मग पाटी घेतली आणि दारावर लावली — 'बिल्ल्यावर कॉफी लिहिलीय. कॉफीच मिळेल. केव्हाही.'

फिलोमेनने पाटी दोनदा वाचली. मुठीतले बिल्ले बघितले.
"केव्हाही? म्हणजे डिसेंबरातसुद्धा?"
"डिसेंबरातसुद्धा."
"मग आज उगाच कशाला पिऊ? डिसेंबरात दीड फ्रँक होईल!" बिल्ले परत कमरेच्या पिशवीत. मागचे हसले, आणि हळूहळू रांगच विरली. पाद्रीबाबा तेवढे दोन कप पिऊनच गेले.

आन्सेल्म शेवटी आला. मी डब्याकडे बघतेय. तो म्हणाला, "हा मोडायला नाही आणला. तुमच्यापाशी ठेवा. माझ्याकडे असला तर तुम्हाला झोप नाही लागायची."
रडले. त्याच्यासमोरच! काय हे.

१७ ऑक्टोबर

फ्रँक सावरला. फिलोमेनला आता छत्र्या खपवायच्यात. एक माझ्या गळ्यात मारलीच.

आन्सेल्मला डब्याचं विचारलं — अजून अर्धा भरलेला आहे, काय करायचं?
"रोज एक. पुरतील तोवर येईन."
"आणि संपले की?"
मान खाली घालून म्हणाला, "नवे पाडता येतात, मादाम."
"मादाम काय! ओक्ताव्ही म्हणा."

८ जानेवारी १९२७

लग्नाला तीन दिवस झाले. आज त्याचं सामान वरच्या खोलीत लावलं. हत्यारांच्या पेटीत, फडक्यात नीट गुंडाळलेला, तोच 'मोडलेला' पाचाचा छाप. साधा ओरखडासुद्धा नाही! तसाच परत गुंडाळला. कॉफी ठेवली.